सुई कुणाच्या हातात जाते?

आमच्या घरी अम्मीला रोज इन्सुलिन घ्यावं लागतं. वापरलेली सुई आम्ही कित्येक महिने सरळ केराच्या डब्यात टाकत होतो. सकाळी घंटागाडी आली, डबा रिकामा झाला, की आमच्या लेखी विषय संपला.

पण विषय तिथे संपत नाही. पिंपरी-चिंचवडचा कचरा मोशीच्या डेपोवर जातो. वाटेत आणि तिथेही प्लास्टिक, काच, पत्रा वेचतात ते माणसांचे हात. कुदळवाडी-चिखलीत भंगाराची गोदामं वर्षानुवर्षं चालली. फेब्रुवारी 2025 मध्ये महापालिकेने तिथली बांधकामं पाडली, गोदामं पांगली. भंगार निवडणारे हात मात्र राहिले. त्यांत आपल्या वस्तीतले, आपल्या बिरादरीतले कितीतरी आहेत.

दवाखान्यांसाठी 2016 चे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम आहेत. रक्ताने माखलेला कापूस, पट्ट्या आणि मुदत संपलेली औषधं पिवळ्या पिशवीत. सलाईनच्या नळ्या, हातमोजे, सुई काढलेल्या सिरिंज लाल पिशवीत. सुया आणि ब्लेड टोचून फुटणार नाही अशा पांढऱ्या डब्यात. काचेच्या बाटल्या निळ्या खुणेच्या खोक्यात. हा कचरा 48 तासांच्या आत प्रक्रियेला गेला पाहिजे. 75 किलोमीटरच्या आत सामूहिक प्रकल्पाची सोय असेल, तर दवाखान्याला स्वतःची भट्टी किंवा खड्डा करता येत नाही. चाकण, म्हाळुंगे, खराबवाडीपासून पिंपरी-चिंचवड आणि पुणे जवळच आहेत. त्यामुळे इथल्या उपकेंद्राला किंवा कामगारांच्या चाळीशेजारच्या छोट्या दवाखान्याला मागच्या अंगणात कचरा जाळण्याची सबब उरत नाही. सलाईनच्या नळ्यांसारखं प्लास्टिक उघड्यावर जाळलं, तर विषारी धूर शेजारच्या घरांत शिरतो.

सुईचा धोका किती? सुईवर हिपॅटायटिस बी झालेल्या रुग्णाचं रक्त असेल आणि ज्याला टोचली त्याने लस घेतलेली नसेल, तर लागण होण्याची शक्यता सुमारे 30 टक्के असते. एचआयव्हीची शक्यता त्यामानाने फार कमी, सुमारे 0.3 टक्के. 2009 मध्ये गुजरातच्या मोडासा भागात हिपॅटायटिस बीची साथ पसरली, अनेकांचे जीव गेले. वापरलेल्या सिरिंज तिथे पुन्हा वापरल्या गेल्या होत्या; तपासात वैद्यकीय भंगाराचे साठेही सापडले. म्हणून सुई वापरल्या जागीच निकामी करायची असते.

घरच्या सुयांचं काय? 2016 च्याच घनकचरा नियमांनी त्यांना घरगुती घातक कचऱ्यात धरलं. ओल्या किंवा सुक्या कचऱ्यात त्या मिसळायच्या नाहीत. आता आम्ही जाड प्लास्टिकची, झाकणाची रिकामी बरणी ठेवतो. वापरलेली सुई थेट त्यात. बरणीवर ठळक अक्षरांत ‘सुया – हात लावू नये’ असं लिहिलं आहे. पाऊण भरली की झाकण चिकटपट्टीने बंद करतो. अम्मीच्या डॉक्टरांना विचारलं. ते त्यांच्या कचऱ्याबरोबर ती घ्यायला तयार झाले. तुम्हीही विचारा. घंटागाडीत देण्याची वेळ आलीच, तर वेगळी आणि सांगून द्या.

भंगाराचं काम करणाऱ्या भावाबहिणींनी तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. जाड हातमोजे वापरा. हिपॅटायटिस बीची लस घ्या. सुई टोचलीच तर जखम दाबून रक्त काढू नका. साबण-पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. एचआयव्ही टाळण्याची औषधं 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. जितक्या लवकर, तितकं बरं.

रस्त्यातली इजा करणारी वस्तू बाजूला करणं हाही इमानचा भाग आहे, हे आपण मदरशात शिकलो. रस्त्यातला काटा आपण उचलतो. मग आपल्याच घरातून निघालेला काटा दुसऱ्याच्या हातात कसा जाऊ द्यायचा? येत्या जुम्म्याला नमाजनंतर चार माणसांशी हे बोलूया. आणि पुढच्या वेळी इंजेक्शन घेतलं की नम्रपणे विचारूया, ‘डॉक्टरसाहेब, ही सुई आता कुठे जाणार?’