यजमानी एक, हात अनेक
मी भालकीत दिलेली, धाकटी बहीण उदगीरला. कर्नाटकात ३० ऑगस्ट २०२३ रोजी गृहलक्ष्मी योजना सुरू झाली. रेशनकार्डावरच्या एकाच यजमानीला महिना २,००० रुपये. आमच्या यजमानी सासूबाई. त्या पैशांतून तेल-डाळ, त्यांच्या गोळ्या येतात. किराणा दुकानातली उधारी उतरली. महाराष्ट्रात जुलै २०२४पासून लाडकी बहीण योजना आली. तिचे १,५०० रुपये बहिणीच्याच खात्यात येतात. रक्कम कमी, पण मुलीची वही आणायला तिला कोणाला विचारावं लागत नाही. हप्ता लांबला, की दोन्ही घरांत पुन्हा उधारी. मैत्रिणींनो, खातं कोणाचंही असो, महिन्यातून एकदा अत्ते-सोसे दोघींनी मिळून हिशेब करावा. सुनेच्याही गरजा असतात!