मॅन बेटाची शर्यत आणि साहसाचें मोल

नकाशांत ब्रिटन व आयर्लंड ह्यांच्यामधील समुद्रावर बारकाईनें दृष्टि फिरविली, तर मध्यभागीं एक लहानसा ठिपका आढळतो. त्याचें नांव 'आइल ऑफ मॅन', म्हणजे मॅन बेट. क्षेत्रफळ अवघें ५७२ चौरस किलोमीटर; वस्ती २०२१ च्या शिरगणतीप्रमाणें सुमारें ८४ हजार. बेटावर आधिपत्य इंग्लंडच्या राजघराण्याचें. परंतु तें ब्रिटिश संयुक्त राज्याचा भाग नव्हे. तिनवाल्ड नांवाची त्याची स्वतःची विधिसभा असून तिची परंपरा हजार वर्षांहून जुनी असल्याचें तेथील लोक अभिमानानें सांगतात. धुकें, मेंढरें आणि दगडी कुंपणें ह्यांचें हें शांत बेट दर वर्षीं मेअखेर ते जूनचा आरंभ असे सुमारें दोन आठवडे फटफटींच्या आवाजानें दुमदुमून जातें. जगांत प्रसिद्ध असलेली 'टूरिस्ट ट्रॉफी' नांवाची मोटरसायकलींची शर्यत त्या वेळीं येथें होते.

आमच्या वाचकांच्या घरोघरीं मोटरसायकलीसाठीं हट्ट धरणारा एखादा मुलगा किंवा नातू आज असतोच, आणि त्याला काय उत्तर द्यावें ह्या विवंचनेंत असलेलीं वडील माणसेंही असतात. उभय पक्षांस ह्या बेटाची हकीकत उपयोगी पडेल असें वाटल्यावरून ती येथें देत आहें.

शर्यत ह्याच बेटावर कां, ह्याचें मूळ कायद्यांत आहे. १९०३ च्या कायद्यानें ब्रिटनमध्यें स्वयंचलित गाड्यांस ताशीं २० मैलांची मर्यादा घालून दिली होती, आणि शर्यतीसाठीं सार्वजनिक रस्ता बंद ठेवण्याची सोय तेथें नव्हती. मॅन बेटाच्या विधिसभेनें १९०४ सालीं स्वतंत्र कायदा करून ती मोकळीक दिली. प्रथम मोटारी धांवल्या. पुढें २८ मे १९०७ रोजीं मोटरसायकलींची पहिली 'टूरिस्ट ट्रॉफी' शर्यत झाली. जवळजवळ १६ मैलांच्या वाटेचे दहा फेरे घालावयाचे होते. प्रवासी उपयोगाच्या गाड्यांची परीक्षा व्हावी हा मूळ हेतु, आणि म्हणूनच नांव 'टूरिस्ट', म्हणजे प्रवाशांचें. गाडीस बैठक, चिखलपाट व आवाज दाबणारी नळी हवी, इंधनही मोजून मिळणार, असे नियम होते. चढावर पायडल मारण्याची मुभा होती! एक नळकांड्याच्या गाड्यांत चार्ली कॉलिअर ताशीं ३८ मैलांच्या सरासरीनें पहिला आला. दोन नळकांड्यांच्या वर्गांत रेम फाउलर हा नॉर्टन गाडीवर जिंकला. त्या नॉर्टन कारखान्याची मालकी २०२० सालीं आपल्या दक्षिणेकडील टी.व्ही.एस. कंपनीकडे आली. १९०८ ची एक नळकांड्याची शर्यत जिंकणाऱ्या ट्रायंफचें नांव धारण करणाऱ्या कांहीं गाड्या तर २०२३ पासून आपल्या पुण्याजवळ चाकण येथें बजाजच्या कारखान्यांत तयार होऊं लागल्या. काळाची गति अशी विलक्षण असते.

१९११ पासून शर्यत डोंगरावरील मोठ्या वाटेवर होऊं लागली. डग्लस ह्या राजधानींतून निघावयाचें, खेड्यापाड्यांतून रॅम्झी गांवापर्यंत जावयाचें, आणि स्नेफेल नांवाच्या डोंगराच्या अंगाखांद्यावरून परत यावयाचें. एक फेरा पावणेअडतीस मैलांचा. ही कांहीं शर्यतीसाठीं बांधलेली वर्तुळाकार वाट नव्हे. एरवीं जेथून दूधवाला व टपालवाला जातो तोच हा रस्ता. दोहों बाजूंस घरें, दिव्यांचे खांब, दगडी भिंती. बॅलॉ गांवचा पूल असा उंचवट्याचा कीं, त्यावरून जातां दोन्ही चाकें अधांतरीं होतात. वळणें दोनशेंहून अधिक. स्वार एकदम सुटत नाहींत. दर दहा सेकंदांनीं एकेक सोडतात, आणि झगडा घड्याळाशीं असतो. १९५७ सालीं बॉब मॅकिंटायर ह्यानें प्रथम ताशीं शंभर मैलांच्या सरासरीनें फेरा पुरा केला. २०२३ सालीं पीटर हिकमन ह्यानें तीच सरासरी १३६ मैलांवर नेली. म्हणजे हा सारा घाट साडेसोळा मिनिटांच्या जवळपास संपला.

ह्या शर्यतीनें उद्योगासही चालना दिली. जपानच्या सोइचिरो होंडा ह्यांनीं १९५४ सालीं येथें उतरण्याचा संकल्प जाहीर केला, १९५९ सालीं गाड्या आणल्या, आणि १९६१ सालीं माइक हेलवुडच्या हातून दोन शर्यती जिंकल्या. स्त्रियांचा प्रवेश मात्र सुलभ झाला नाहीं. १९६२ सालीं बेरिल स्वेन ही एकटीनें गाडी हांकणारी पहिली स्त्री येथें धांवली. त्यानंतर नियम असे बदलले कीं, तिला पुन्हां उतरतां येईना. पुढें जेनी टिनमथ हिनें २०१० सालीं ताशीं जवळजवळ १२० मैलांची सरासरी गांठून त्या आक्षेपांस उत्तर दिलें.

आतां प्रेक्षकांकडे वळूं. २०१९ सालीं शर्यतीच्या दिवसांत चाळीस हजारांहून अधिक पाहुणे बेटावर उतरले, म्हणजे वस्तीच्या निम्मे! बहुतेकजण आपापली मोटरसायकल घेऊन येतात. इंग्लंडच्या किनाऱ्यावरील हीशॅम बंदराकडे लांबलांबून स्वार निघतात. बेटाशीं वाहतूक करणारी आगबोटीची कंपनी १८३० पासूनची. बोटीच्या पोटांत शेंकडों गाड्या दोरांनीं जखडून ठेवितात, आणि स्वार वर डेकवर चहा पीत बसतात. खाणावळी पुरत नाहींत. म्हणून गांवकरी आपल्या घरांतील खोल्या पाहुण्यांस देतात, बाकीचे तंबूंत राहतात. हा एक प्रकारें त्यांचा वार्षिक मेळाच होय. वारीला जाणाऱ्या मनुष्यास जसा मुक्काम, पूल व उतार पाठ असतो, तसा ह्यांना प्रत्येक वळणाचा नामोच्चार पाठ असतो. डग्लसच्या दक्षिणेस 'परींचा पूल' आहे. तो ओलांडतांना परींस नमस्कार केल्याशिवाय पुढें जावयाचें नाहीं, अशी रूढि आहे, आणि कातडी पोशाखांतील धिप्पाड स्वारही ती निमूट पाळतात.

शर्यत पाहून ज्यांचें समाधान होत नाहीं ते रानवाटांकडे वळतात. हलक्या, उंच, खांचखळग्यांस योग्य अशा मोटरसायकलीवर, बहुधा पावठ्यांवर उभें राहून, सावकाश जावयाचें, ह्यास 'ट्रेल रायडिंग' म्हणतात. बेटावर जुन्या गाडीवाटा आहेत. दगड, चिखल, काळी कुजट माती व जांभळ्या फुलांचीं झुडुपें ह्यांतून त्या डोंगर चढतात. कांहीं नोंदलेल्या गाड्यांस खुल्या आहेत, कांहीं बंद. ह्या बेटावर १९६५ सालीं सहा दिवसांची आंतरराष्ट्रीय कसोटी झाली होती. त्यांत वेगापेक्षां टिकाव महत्त्वाचा. येथें जन्मलेला डेव्हिड नाइट पुढें २००५ सालीं त्या प्रकारांत जगज्जेता झाला. रानवाटेच्या स्वारास शिस्त फार: उघडलेलें फाटक बंद करावयाचें, घोडा दिसतांच यंत्र थांबवावयाचें, पादचाऱ्यास वाट द्यावयाची. हा केवळ शिष्टाचार नव्हे. इंग्लंडांत १९७० सालीं अशा स्वारांनीं वाटांच्या हक्कासाठीं संस्था स्थापिली. तथापि २००६ च्या कायद्यानें अनेक जुन्या वाटांवरील यांत्रिक वाहनांचा हक्क गेला. एकाची बेपर्वाई सर्वांची वाट बंद करूं शकते, हें त्यांस अनुभवानें कळून चुकलें आहे.

एवढें वर्णन केल्यावर जें सांगितल्यावांचून गत्यंतर नाहीं, तें आतां सांगतों. ह्या डोंगरवाटेवर १९११ पासून आजवर अडीचशेंहून अधिक स्वार मृत्युमुखीं पडले आहेत. डग्लसच्या प्रेक्षागारासमोरच गांवची स्मशानभूमि आहे. १९७२ सालीं गिल्बर्तो पार्लोत्ती हा इटालियन स्वार गेला, तेव्हां त्याचा स्नेही जाकोमो अगोस्तिनी, जो अनेक वेळां जगज्जेता ठरला होता, त्यानें येथें पुन्हां न धांवण्याचा निश्चय केला. १९७६ नंतर ही शर्यत जागतिक विजेतेपदाच्या मालिकेंतूनही वगळली गेली. २०२२ सालीं बाजूगाडीच्या शर्यतींत एक पिता व त्याचा एकवीस वर्षांचा पुत्र एकाच गाडीवर, एकाच क्षणीं गेले. असल्या ठिकाणीं शर्यत भरवावीच कां, असा प्रश्न त्या बेटावरही विचारला जातो.

समर्थक म्हणतात, येथें कोणास बळजबरी नाहीं. रस्ता बंद असतो, शेंकडों स्वयंसेवक पहाऱ्यावर असतात, वैद्य व विमानपथक सज्ज असतें, आणि वर्षानुवर्षें वळणें घोकल्याशिवाय कोणी येथें वेग वाढवीत नाहीं. विरोधक म्हणतात, जाणारा संमति देऊन जातो. पण मागें राहिलेल्या आईची, पत्नीची, मुलांची संमति कोणी घेतली? दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे.

आमच्या संस्कृत परंपरेंत 'साहस' हा शब्द विचार करावयास लावणारा आहे. सहस् म्हणजे बळ, त्यावरून साहस. काव्यांत तो पराक्रमाचा द्योतक, तर धर्मशास्त्राच्या व्यवहारप्रकरणांत साहस म्हणजे बळजोरीचा अपराध! एकाच शब्दास हे दोन्ही अर्थ चिकटावेत, ह्यांत आमच्या पूर्वजांची समज दिसते. बळ तेंच, त्यास ज्ञान, नियम व दुसऱ्याच्या हिताची जाण ह्यांची जोड मिळाली तर पराक्रम, न मिळाली तर अपराध.

ह्या कसोटीनें पाहतां मला शर्यतींतील स्वारापेक्षां दुसऱ्याच एका मनुष्याची अधिक चिंता वाटते. शर्यतींच्या दरम्यानच्या रविवारास तेथें परंपरेनें 'वेडा रविवार' म्हणत आले. त्या दिवशीं सामान्य पाहुणे त्याच डोंगरवाटेवर आपल्या गाड्या पिटाळीत असत. अपघात वाढल्यामुळें उत्सवाच्या काळांत डोंगरावरील रस्ता एकाच दिशेनें चालू ठेवण्याची व्यवस्था करावी लागली. ह्या पाहुण्याजवळ शर्यतवीराचा वेग असतो, पण त्याची तयारी नसते. दुसऱ्याचें साहस त्यानें उसनें घेतलेलें असतें, आणि त्याची किंमत समोरून येणाऱ्या निरपराध माणसास द्यावी लागते. असले वेडे रविवार आमच्या शहरांच्या हमरस्त्यांवर बारमास असतात, हें काय निराळें सांगावयास पाहिजे?

म्हणून घरांतील मुलगा गाडीची मागणी करील तेव्हां नुसता नकार देऊं नये, आणि कंटाळून होकारही देऊं नये. त्याला ह्या बेटाची गोष्ट सांगावी, तींतील विजयाचे आंकडे सांगावे तसे मृत्यूचेही सांगावे. त्याच्याकडून परवाना, शिरस्त्राण व वेगमर्यादा ह्यांविषयीं वचन घ्यावें. प्रथम रानवाटेच्या स्वाराप्रमाणें सावकाश चालवून गाडीवर ताबा मिळवावयास लावावें. आणि कोणत्या प्रसंगीं गाडी परत घेतली जाईल, हें आधींच ठरवावें. घरांत आजी-आजोबा, काका-काकू अशीं सर्व मंडळी असतात. हा निर्णय एकट्या बापावर न टाकतां सर्वांनीं बसून करावा, कारण परिणाम भोगण्याची वेळ आलीच तर तोही सर्वांसच भोगावा लागतो. मुलास हें एकदां मनापासून पटलें, म्हणजे वेगमर्यादेची पाटी त्याला आपल्याच माणसांनीं लावलेली वाटेल, आणि ती तो पाळील.