केटोनची पट्टी : कोणाला हवी, कोणाला नको?

वजन उतरवण्याच्या आहारांच्या लाटा आपल्याकडे अधूनमधून येतच असतात. काही वर्षांपूर्वी डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी कै. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांच्या आधारे दिवसातून दोनच वेळा जेवण्याचा प्रसार केला आणि त्याची महाराष्ट्रभर चर्चा झाली. तिथे भर 'किती वेळा खावे' यावर होता. 'केटो' आहारात भर 'काय खाऊ नये' यावर आहे, आणि ही यादी आम्हा कोकणी माणसांना जड जाणारी आहे. भात नको, पेज नको, घावणे-आंबोळी नको, आंबा-फणस नको. मासे, अंडी, मटण, तूप, खोबरे मात्र चालते. मुंबईचा चाकरमानी चतुर्थीला हा आहार घेऊन गावी येतो आणि त्याचे पाहून गावचा भाऊही सुरू करतो. मग काही दिवसांनी पिंगुळीच्या माझ्या दवाखान्यात जांभळी झालेली पट्टी पुढे करून कोणीतरी विचारतो, "डॉक्टरांनू, पट्टी जांभळी झाली, मगे वजन कित्याक उतरणा नाय?"

प्रश्न रास्त आहे. हा आहार चांगला की वाईट, हा स्वतंत्र विषय आहे. आज फक्त एवढेच पाहू, की केटोन म्हणजे काय, ते तपासावेत का, तपासायचे तर कसे आणि मुख्य म्हणजे कोणी.

केटोन म्हणजे काय?

आपल्या शरीराचे रोजचे इंधन म्हणजे साखर. भात, भाकरी, पोळी, फळे या सर्वांची शेवटी साखरच होते. तिचा थोडा साठा यकृतात असतो, सुमारे १०० ग्रॅम. खाणे बंद केले किंवा पिष्टमय पदार्थ अगदी कमी केले, की हा साठा साधारण एका दिवसात आटतो. रक्तातील इन्सुलिन उतरते, चरबी सुटी होते आणि यकृत त्या चरबीपासून केटोन तयार करते. मेंदूला चरबी थेट जाळता येत नाही, पण केटोन जाळता येतात. म्हणजे केटोन हे विष नव्हे, अडचणीच्या दिवसांसाठी निसर्गाने केलेली सोय आहे. निर्जळी एकादशी करणाऱ्याच्या शरीरातही ते थोडेफार वाढतात. साबुदाण्याची खिचडी खाऊन केलेल्या उपवासात मात्र ते शोधू नयेत. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट!

केटो आहारात दिवसाला साधारण २० ते ५० ग्रॅमच पिष्टमय पदार्थ घेतात. शिजलेल्या भाताच्या एका मध्यम वाटीत सुमारे ४० ग्रॅम असतात. हा आहार आपल्या ताटापासून किती लांब आहे, हे यावरून कळेल.

तपासणीचे तीन प्रकार

केटोन तीन प्रकारचे आहेत : असिटोअसिटेट, बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट आणि असिटोन. नावे लक्षात ठेवायची गरज नाही. एवढेच ध्यानात घ्यावे, की लघवीची पट्टी पहिला ओळखते, रक्ताचे यंत्र दुसरा मोजते आणि तिसरा श्वासातून बाहेर पडतो. केटो करणाऱ्याच्या तोंडाला पिकल्या फळासारखा किंवा नेलपॉलिश पुसायच्या द्रवासारखा वास येतो, तो याच असिटोनचा. श्वास तपासणारी यंत्रे निघाली आहेत, पण आजारपणात निर्णय घेण्यासाठी त्यांच्यावर विसंबू नये.

लघवीची तपासणी जुनीच आहे. आम्ही विद्यार्थी असताना परीक्षानळीत ती करीत असू. लघवीत अमोनियम सल्फेट व सोडियम नायट्रोप्रुसाइड टाकून वरून हळूच अमोनिया सोडला, की जांभळे कडे दिसे. रोथेरा यांनी १९०८ साली वर्णन केलेली ही तपासणी. आजच्या पट्टीच्या टोकाला जो चौकोन असतो, त्यातही मुख्य रसायन नायट्रोप्रुसाइडच. पट्टी स्वस्त, सोपी आणि सुई न टोचता होणारी आहे.

परंतु तिच्या काही खोडी आहेत. एक, भरपूर पाणी किंवा ताक प्यायलात तर लघवी पातळ होऊन रंग फिका येतो. पहाटेच्या दाट लघवीत तोच गडद दिसतो. दोन, लघवीत दिसतात ते शरीराने बाहेर टाकलेले केटोन. त्या क्षणी रक्तात किती आहेत, ते त्यावरून कळत नाही. हा आहार काही आठवडे चालू राहिला, की लघवीतून जाणारे केटोन अनेकांत कमी होतात आणि रक्तात ते असूनही पट्टी फिकी पडते. मग माणूस घाबरून उरलासुरला भाजीपालाही सोडतो. तीन, आपल्या किनारपट्टीची दमट हवा. पावसाळ्यात डबीचे झाकण नीट लागले नाही तर पट्ट्या बिघडतात आणि बिघडलेली पट्टी खोटे सांगते. डबी कोरड्या जागी ठेवावी, न्हाणीघरात नव्हे. रंग डबीवर लिहिलेल्या सेकंदांनीच पाहावा. पाच मिनिटांनी दिसणाऱ्या रंगाला अर्थ नाही. काही औषधांमुळे पट्टी खोटी रंगते, तर क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेमुळे कमी रंगते.

रक्ताची तपासणी जास्त भरवशाची आहे. बोटातून थेंबभर रक्त घेऊन यंत्र आकडा दाखवते. साखर मोजायच्या पट्टीवर केटोन मोजले जात नाहीत. त्यासाठी वेगळी पट्टी आणि ती चालणारे यंत्र लागते. ही पट्टी साखरेच्या पट्टीपेक्षा महाग असते. नेहमीच्या जेवणावर असणाऱ्या निरोगी माणसाचा आकडा साधारण ०.५ मिलिमोलच्या आत असतो. केटो आहारावर तो ०.५ ते ३ च्या दरम्यान राहतो.

पट्टी जांभळी, मग वजन का नाही?

कारण पट्टी सांगते ती एकच गोष्ट : शरीर चरबी जाळते आहे. ही चरबी पोटावरची की ताटातली, हे तिला कळत नाही. दिवसभर तूप, खोबरे, काजू आणि तळलेली सुरमई खाल्ली तर केटोन भरपूर होतील आणि वजनाचा काटा हलणार नाही. खोबरेल तेलातील काही स्निग्धांशांचे केटोन तर विशेष लवकर होतात. म्हणून रंग गडद करण्यासाठी चमचा-चमचा तेल पिणारा माणूस पट्टीला खूश करतो, पोटाला नव्हे.

उलट पहिल्या आठवड्यात दोन-तीन किलो उतरतात, तेव्हा लोक हरखून जातात. त्यातही बराच भाग पाण्याचा असतो. शरीरात साठवलेल्या प्रत्येक ग्रॅम साखरेबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेले असते. साठा संपला, की ते पाणी जाते. पुन्हा भात सुरू केला, की परत येते.

तेव्हा ज्याला मधुमेह नाही, जो कोणतेही कायमचे औषध घेत नाही आणि केवळ वजनासाठी हा आहार करतो, त्याने केटोन रोज तपासण्याची काही गरज नाही. ताटात पिष्ट लपून येते का, हे पाहण्यासाठी पहिल्या पंधरवड्यात दोन-चार पट्ट्या वापरल्या तर हरकत नाही. त्यापुढे आठवड्यातून एकदा वजन आणि महिन्यातून एकदा कमरेचा घेर मोजावा. आपल्याकडे पुरुषांची कंबर ९० आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या आत असावी असे मानतात. ही फीत पट्टीपेक्षा खरे बोलते. आहारापूर्वी आणि दोन-तीन महिन्यांनी रक्तदाब, कोलेस्टेरॉल, क्रिएटिनिन व युरिक अ‍ॅसिड पाहणे हे केटोन मोजण्यापेक्षा अधिक उपयोगाचे आहे.

तपासणी खरोखर कोणाला हवी?

केटो आहार मुळात वजनासाठी निघालाच नव्हता. १९२१ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे डॉ. रसेल वाइल्डर यांनी तो अपस्मारासाठी, म्हणजे फिट्ससाठी, सुचवला. औषधांना दाद न देणाऱ्या फिट्स असलेल्या मुलांसाठी तो आजही वापरतात. मुंबईतील डॉ. जनक नाथन आणि सहकाऱ्यांनी आपल्याकडील मुलांमधला अनुभव २००९ साली 'इंडियन पेडियाट्रिक्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केला आहे. तिथे आहार हेच औषध असते. म्हणून तो तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, मोजूनमापून देतात आणि केटोनही तपासतात. घरच्या घरी मुलांना हा आहार देऊ नये.

दुसरा वर्ग मधुमेहींचा. हा लेख लिहिण्याचे खरे कारण तेच आहे.

निरोगी माणसात थोडे का होईना, इन्सुलिन असते. ते लगामासारखे काम करते आणि केटोन ठरावीक मर्यादेपलीकडे जाऊ देत नाही. मधुमेहात हा लगाम सैल पडला, की केटोन वाढत जातात, रक्त आम्लधर्मी होते आणि जिवावर बेतते. याला 'किटोअ‍ॅसिडोसिस' म्हणतात. म्हणजे आकडा तोच, पण अर्थ वेगळा. निरोगी आहारकऱ्याच्या यंत्रावर २ आला तर तो नेहमीचा आकडा. मधुमेह्याच्या यंत्रावर, विशेषतः अंगात बरे नसताना, २ आला तर ती धोक्याची घंटा.

पूर्वी असा रुग्ण ओळखणे तुलनेने सोपे असे, कारण त्याची साखर बहुधा ४००-५०० च्या घरात गेलेली असे. आता मधुमेहाच्या गोळ्यांचा एक नवा गट आला आहे. त्यांच्या नावाच्या शेवटी 'ग्लिफ्लोझिन' येते : डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन. या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. हृदय आणि मूत्रपिंड यांनाही त्यांचा चांगला उपयोग होतो. २०२० साली डापाग्लिफ्लोझिनचे पेटंट संपल्यावर अनेक भारतीय कंपन्यांनी ती काढली, किंमत उतरली आणि ती गावोगावी पोहोचली. पुष्कळदा ती मेटफॉर्मिनबरोबर एकाच गोळीत असते, त्यामुळे आपण ती घेतो हे रुग्णाला ठाऊकही नसते.

गोळी चांगली आहे. पण तिच्यावर असताना पिष्ट एकदम बंद केले तर केटोन वेगाने वाढू शकतात. आणि गोळी साखर बाहेर टाकत असल्यामुळे रक्तातील साखर १५० किंवा २०० च दिसते! रुग्ण आणि घरचे निर्धास्त राहतात, आत मात्र किटोअ‍ॅसिडोसिस चाललेला असतो. अमेरिकेच्या औषध नियंत्रण खात्याने २०१५ सालीच याबद्दल इशारा दिला होता. नुसता केटो आहारच नव्हे, तर श्रावणातले कडक उपवास, पावसाळ्यातील उलट्या-जुलाब, तापात चार दिवस सुटलेले जेवण आणि मोठी शस्त्रक्रिया यांतही हाच धोका असतो.

म्हणून मधुमेहींनी पुढील गोष्टी पाळाव्यात.

आपल्या गोळ्यांच्या पाकिटावरचे नाव वाचावे किंवा कोणाकडून वाचून घ्यावे. त्यात 'ग्लिफ्लोझिन' असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय केटो आहार सुरू करू नये. गोळीही मनाने बंद करू नये. आधी भेटावे, मग ठरवावे. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असून भात एकदम सोडला, तर उलट साखर खाली जाऊन घेरी येण्याची भीती असते. अशांनी केटोनआधी साखर तपासावी. इन्सुलिनवर असणाऱ्यांनी आजारपणात इन्सुलिन पूर्ण बंद करू नये. किती घ्यायचे ते विचारून घ्यावे.

मळमळ, उलट्या, पोटात दुखणे, धाप लागणे, विलक्षण थकवा किंवा बोलण्यात असंबद्धपणा यांपैकी काही दिसले, तर साखर कितीही असली तरी केटोन तपासून घ्यावेत, आणि शक्यतो रक्तातले. कारण या आजारात वाढतो तो मुख्यतः बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट, आणि लघवीची पट्टी नेमकी त्यालाच ओळखत नाही. पट्टी फिकी आहे म्हणून घरी थांबू नये. रक्तातील आकडा १.५ च्या वर गेला तर लगेच डॉक्टरांना कळवावे. ३ किंवा अधिक असेल तर वेळ न घालवता रुग्णालय गाठावे. घरी यंत्र नसेल तर ते शोधत बसू नये. अशी लक्षणे असलेल्या मधुमेह्याला सरळ ओरोसच्या शासकीय रुग्णालयात किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात न्यावे आणि गोळ्यांची पाकिटे बरोबर घ्यावीत. ती पाहून तिथल्या डॉक्टरांचे अर्धे काम होते. सलाइन, इन्सुलिन आणि पोटॅशियमवर लक्ष असे उपचार वेळेत मिळाले, तर बहुतेक रुग्ण बरे होतात.

गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया आणि मूत्रपिंड, पित्ताशय किंवा स्वादुपिंडाचे दुखणे असलेले रुग्ण यांनी वजनासाठी हा आहार करू नये. पोट सुटलेल्या निरोगी माणसाने पट्टीचे पैसे वाचवून कंबर मोजायची फीत घ्यावी. मधुमेहाची गोळी घेणाऱ्याने मात्र आज रात्री जेवणानंतर आपले पाकीट उजेडात धरून त्यावरचे नाव एकदा नीट वाचावे.