लेकरू कुणाच्या हवाली?



दिवाळी सरते आणि यवतमाळ जिल्ह्याच्या काळ्या वावरांत कापूस फुटतो. राळेगाव असो, घाटंजी असो की वणी, वेचणीसाठी बाया उजाडताच बाहेर पडतात. घरी राहते ती आठ वर्षांची ताई आणि तिच्या कडेवरचं धाकटं. कधी ताईही नसते. दाराला कुलूप आणि आत लेकरू. मग कुणी विचारतं, हा गुन्हा आहे काय?

अमुक वयापर्यंत मुलाला घरी एकटं ठेवू नये, असा आकडा आपल्या कायद्यात नाही. इंग्लंडच्या १९३३ च्या बालकविषयक कायद्यातही तो नाही. पण आकडा नाही म्हणजे जबाबदारी नाही, असे समजू नका.

बारा वर्षांखालील मुलाला कायमचे टाकून देण्याच्या हेतूने आईबापांनी सोडणे हा गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ९३ प्रमाणे त्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सांजेला घरी परतणारी माय या कलमात येत नाही. दुसरी गोष्ट हेळसांडीची. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाचे कलम ७५ सांगते की, मूल ज्याच्या ताब्यात आहे त्याने जाणूनबुजून अशी हयगय केली की मुलाला विनाकारण त्रास व्हावा, तर तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही. मात्र आईबापांनी आपल्या हाताबाहेरच्या परिस्थितीमुळे मूल सोडले असे दिसले, तर ते जाणूनबुजून केले असे मानू नये, हेही त्याच कलमात आहे.

म्हणजे कायदा विचारतो ते हेच: मूल कुणाच्या हवाली होतं? आजी, चुलती, शेजारीण यांनी ‘हो’ म्हटलं, तर ते सांभाळणं झालं. पण आठ वर्षांची ताई? अठरा वर्षांखालची म्हणून कायद्याच्या दृष्टीने ती स्वतःच मूल आहे. तिच्या भरवशावर धाकटं ठेवलं, तर घरी एक नव्हे, दोन लेकरं एकटी राहिली. शिवाय सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना २००९ च्या कायद्याने शिक्षणाचा हक्क दिला आहे. गुरुजनहो, वेचणीच्या दिवसांत हजेरीपटावर मुलींच्या नावापुढे गैरहजेरी दिसली, तर आधी घरी पाळण्यात कोण आहे ते पाहा.

आता ताब्याचा प्रश्न. नवराबायको वेगळी झाली की, ‘ती पोरांना एकटं टाकून मजुरीला जाते’ असा आरोप कोर्टात होतो. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याप्रमाणे पाच वर्षे पूर्ण न झालेलं मूल सामान्यतः आईजवळ असावं. आणि सर्वांत वर मुलाचं हित. इतर धर्मीयांसाठीही १८९० चा पालक व पाल्य कायदा मुलाच्या हिताकडेच पाहतो. आई मजुरी करते, एवढ्यावरून मूल काढून घ्यावे असे यांपैकी कोणताही कायदा म्हणत नाही. आई वावरात असताना लेकराजवळ कोण असतं, याचं उत्तर मात्र तिच्याजवळ हवं. अंगणवाडीची आणि शाळेची हजेरी तिथे उपयोगी पडते. वकिलाची फी नाही म्हणून घाबरू नये. स्त्रिया आणि मुले यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही.

कायद्यापेक्षा धोका जवळ असतो. २०१७ साली फवारणीच्या विषबाधेनं आपल्या जिल्ह्यात शेतकरी आणि मजूर दगावले, हे आपण विसरलो नाही. तोच डबा घराच्या कोपऱ्यात, बाजूला चूल, आणि दाराला बाहेरून कुलूप! आग लागली तर लेकरानं जावं कुठून?

अंगणवाडी दिवसभर नसते, हे खरं. तेव्हा एका गल्लीतल्या पाच-सहा बायांनी पाळी लावावी. एकीनं घरी राहून सगळी लेकरं सांभाळावी आणि बाकीच्यांनी आपल्या वेच्यातल्या एक-दोन किलोंची मजुरी तिला द्यावी. कुठे एखादं मूल खरोखरच निराधार दिसलं, तर १०९८ या क्रमांकावर फोन करावा. ते चोवीस तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे नेलं जातं. ही समिती आईबापांना शिक्षा देण्यासाठी नाही. होईतोवर मूल घरच्यांतच राहावं आणि संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय असावा, असं कायद्याचं धोरण आहे.

उद्या वेचणीला निघताना कुलूप हातात घ्याल, तेव्हा आधी शेजारच्या दाराशी जाऊन एक शब्द टाका.