आकडा लॅम्डात वाचा

पनवेलच्या एमएच-४६ पाटीच्या एखाद्या नव्या पेट्रोल कारचं पीयूसी प्रमाणपत्र हातात घ्या आणि तारखेच्या पुढे जाऊन वाचा. कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बनच्या आकड्यांसोबत तिथे ‘लॅम्डा’ नावाचा एक रकाना असतो. बीएस-४ आणि त्यानंतरच्या पेट्रोल गाड्यांसाठी नियम असा आहे, की इंजिन अडीच हजार आरपीएमच्या आसपास धरलं असताना हा आकडा ०.९७ ते १.०३ च्या दरम्यान हवा. बहुतेकांचं या रकान्याकडे कधी लक्षच जात नाही. पण ज्यांनी गाडी रिमॅप करून घेतली आहे, मोठा टर्बो बसवला आहे किंवा जुन्या होंडा सिटी व्हीटेकवर हौसेनं काम चालवलं आहे, आणि आता डॅशबोर्डवर एअर-फ्युएल रेशोचं गेज लावायचा विचार करत आहेत, त्यांनी सुरुवात याच रकान्यापासून करावी.

एक किलो निव्वळ पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. प्रत्यक्षात मिळालेली हवा भागिले लागणारी हवा म्हणजे लॅम्डा. बरोबर जुळलं तर १. एकपेक्षा कमी आलं तर पेट्रोल जास्त, म्हणजे मिक्स्चर रिच. एकपेक्षा वर गेलं तर हवा जास्त, म्हणजे लीन. शांतपणे चालवताना कंपनीची गाडी स्वतःला एकच्या आसपास धरून ठेवते, कारण कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तिथेच नीट काम करतो. पाय पूर्ण दाबला की मात्र मिक्स्चर मुद्दाम रिच केलं जातं. टर्बो नसलेल्या इंजिनात लॅम्डा साधारण ०.८६ ते ०.९० ठेवतात, टर्बो असेल तर ०.८० च्या आसपास. हे जास्तीचं पेट्रोल ज्वलनकक्ष थंड ठेवतं आणि नॉकिंग आवरतं. बूस्ट वाढवला पण पेट्रोल त्या प्रमाणात वाढलं नाही, तर पिस्टनचा माथा वितळायला फार वेळ लागत नाही. गेज हवं ते यासाठी.

जुने मिस्त्री स्पार्क प्लग काढून त्याचा रंग बघायचे. काळा पडला तर रिच, पांढरट दिसला तर लीन. त्या नजरेबद्दल मला आदर आहे. पण प्लग सांगतो ते गाडी थांबवल्यावर, आणि नुकसान व्हायचं ते पाच हजार आरपीएमच्या पुढे दोन-तीन सेकंदांत होऊन गेलेलं असतं.

बाजारात सगळ्यात स्वस्त मिळतात ती हिरव्या, पिवळ्या, तांबड्या दिव्यांची गेज, गाडीच्या मूळ ऑक्सिजन सेन्सरच्या वायरला जोडायची. ती घेऊ नका. बॉशने १९७६ मध्ये व्होल्वोच्या गाडीत पहिल्यांदा दिलेल्या सेन्सरच्या घराण्यातला हा मूळ सेन्सर नॅरोबँड असतो. लॅम्डा एकच्या खाली गेला की तो ०.९ व्होल्टकडे उडी मारतो आणि वर गेला की ०.१ कडे घसरतो. कपाळावर हात ठेवून ताप आहे की नाही एवढं कळतं, किती आहे ते कळत नाही, तसं याचं आहे. ०.८० आणि ०.८८ मधला फरक, ज्यावर तुमचं इंजिन अवलंबून आहे, तो त्याला दिसतच नाही.

म्हणून वाइडबँड, म्हणजे लॅम्डा नेमका किती ते मोजणारा सेन्सर. आपल्याकडे हौशी लोकांच्या गाड्यांत एईएमची एक्स-सिरीज आणि इनोव्हेटचं एमटीएक्स-एल ही नावं वारंवार ऐकू येतात. दोन्ही ५२ मिलिमीटरची, ए-पिलरच्या पॉडमध्ये बसणारी. काटा कसा दिसतो, प्रकाश कोणत्या रंगाचा, यावर लोक तासन्‌तास घालवतात. मी म्हणेन, आधी त्यामागचा सेन्सर विचारा. सध्या भरवशाचा आहे तो बॉशचा एलएसयू ४.९. तो खर्चाचा भाग आहे, कधी ना कधी बदलावाच लागणार, त्यामुळे तो सहज मिळणारं गेजच घ्यावं. बॉशच्या खोक्यावर ०२५८०१७०२५ हा क्रमांक बघून घ्या. एक गोष्ट वायरिंग करणाऱ्याला बजावून सांगा: या सेन्सरच्या प्लगमध्ये एक छोटा रेझिस्टर बसवलेला असतो. कारखान्यात प्रत्येक सेन्सर तपासून त्याच्या मापाने तो ठरवलेला असतो. वायर लांब करायची म्हणून प्लग कापून टाकला, तर त्या सेन्सरचं कॅलिब्रेशनच कचऱ्यात गेलं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि ज्यावर आपल्याकडे सर्वांत जास्त गोंधळ होतो ते. फेब्रुवारी २०२३ मध्ये निवडक पंपांवर ई-२० विकायला सुरुवात झाली, आणि २०२५ पर्यंत ते देशभर पोचलं. पनवेलच्या पंपावर टाकी भरली की त्यात साधारण एक पंचमांश इथेनॉल आहे असंच धरून चाला. इथेनॉलच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन असतो, म्हणून त्याला बाहेरची हवा कमी लागते, एका किलोला साधारण ९ किलो. दोन्ही मिसळल्यावर ई-२० चा आकडा १४.७ वरून १३.५ च्या आसपास येतो.

सेन्सरला टाकीत काय आहे ते कळत नाही. एक्झॉस्टमधला शिल्लक किंवा कमी पडलेला ऑक्सिजन मोजून तो लॅम्डा देतो. गेज त्याला १४.७ ने गुणतं आणि काट्यावर दाखवतं. म्हणजे टाकीत ई-२० असलं आणि मिक्स्चर अगदी बरोबर असलं, तरी गेजवर १४.७ च येणार. तेच योग्य आहे. इथे कोणी ‘ई-२० ला १३.५ हवं’ असं वाचून गेजवर १३.५ येईपर्यंत पेट्रोल वाढवत बसला, तर लॅम्डा ०.९२ झाला: मायलेज गेलं, कॅटॅलिटिकचं काम बिघडलं, पीयूसीच्या रकान्यात गाडी नापास.

उलटी चूक जास्त महागाची. काही गेजमध्ये इंधन निवडून मोजपट्टी बदलता येते. ती १३.५ वर आणली, आणि मग परदेशातल्या कुणाच्या सल्ल्याप्रमाणे टर्बो गाडीला फुल थ्रॉटलवर ‘१२’ साधलं. निव्वळ पेट्रोलच्या पट्टीवर १२ म्हणजे लॅम्डा ०.८२. ई-२० च्या पट्टीवर तोच १२ म्हणजे ०.८९. आकडा एकच, पण इंजिन लीनकडे सरकलं, आणि तेही पूर्ण बूस्टवर. म्हणून माझं ठाम मत आहे: जे गेज थेट लॅम्डा दाखवू शकतं तेच घ्या, पहिल्याच दिवशी ते लॅम्डावर लावा, आणि ट्यूनरशीही लॅम्डातच बोला. पंपावर उद्या इथेनॉलचं प्रमाण बदललं तरी ०.८० हे ०.८० च राहील.

कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्या सांभाळणाऱ्यांना तर हे गेज जास्तच उपयोगी. इंजेक्शनची गाडी आपलं आपण पेट्रोल वाढवून घेते, कार्ब्युरेटरला ते जमत नाही. निव्वळ पेट्रोलवर बसवलेले जेट ई-२० वर साधारण सात टक्के लीन चालतात. जेट बदलायचा की नाही, हे मग अंदाजाने ठरवावं लागत नाही.

गेज चांगलं घेऊनही सेन्सर चुकीच्या जागी बसला तर पैसे पाण्यात. डाउनपाइपवर १८ मिलिमीटर आट्यांचा बंग वेल्ड करून घ्यावा लागतो, टर्बोपासून दीड-दोन फूट पुढे आणि कॅटॅलिटिकच्या आधी. पाइपचा काप घड्याळासारखा डोळ्यासमोर आणा: सेन्सर दहा ते दोन या भागातच हवा, टोक खाली झुकलेलं. आतलं सिरॅमिक ७८० अंशांपर्यंत तापतं. कोकणातल्या दमट हवेत सकाळी सुरू केलेल्या गाडीच्या पाइपात जमलेल्या पाण्याचा एक थेंब त्यावर पडला तर ते तडकतं. पाइपच्या सांध्याला साधं सिलिकॉन सीलंट लावू देऊ नका, त्याच्या वाफेने सेन्सर मरतो. इंजिन चालू असताना गेजचा सप्लाय तोडून ठेवू नका, काजळी बसते. सेन्सरच्या आधी एक्झॉस्टला गळती असेल, किंवा गाडी मिसिंग मारत असेल, तर गेज खोटं लीन दाखवतं, कारण न जळलेला ऑक्सिजन त्याच्यापर्यंत पोचतो. अशा वेळी पेट्रोल वाढवायला धावू नका, आधी गळती शोधा.

इंजिनाच्या ईसीयूला आकडा पाठवायचा असेल तर कॅन, म्हणजे डिजिटल आउटपुट असलेलं मॉडेल घ्या. एईएम एक्स-सिरीजच्या अ‍ॅनालॉग वायरवर अर्धा व्होल्ट म्हणजे ८.५ आणि साडेचार व्होल्ट म्हणजे १८. अर्थची वायर सैल बसली आणि ०.१ व्होल्टचा फरक पडला, की आकडा पाव पॉइंटने चुकला. कॅनमध्ये ही भानगड नाही.

नव्या टर्बो गाड्यांच्या मालकांनी गेज विकत घेण्याआधी ओबीडीचं सॉकेट तपासावं. अनेक गाड्यांत कंपनीकडूनच वाइडबँड सेन्सर असतो आणि त्याचा लॅम्डा साध्या स्कॅनरवर वाचता येतो. सावध राहायचं ते एका बाबतीत: ‘कमांडेड’ असं लिहिलेला आकडा म्हणजे ईसीयूने मागितलेला लॅम्डा, मोजलेला नव्हे. तो नेहमीच सुंदर दिसतो. कंपनीचा सेन्सर पुरेसा असेल तर मी वेगळं गेज लावणार नाही. आणि कॅटॅलिटिक काढून बंग लावायचा सल्ला कुणी दिला तर नकार द्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा प्रश्न तर आहेच, शिवाय पीयूसीतही गाडी अडकते.

फुल थ्रॉटलचे आकडे डायनोवर घ्यावेत. अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘व्हॅली रन’सारख्या ड्रॅग स्पर्धा होतात, तिथेही लॉग घेता येतो. एक्स्प्रेस वे ही त्याची जागा नाही. घाटाचा उपयोग वेगळा आहे, आणि तो कायद्यात राहून करता येतो. समुद्रसपाटीच्या पनवेलहून सव्वासहाशे मीटरवरच्या लोणावळ्याला पोचताना हवा सुमारे सहा टक्के विरळ होते. इंजेक्शनच्या गाडीचा लॅम्डा त्याने हलता कामा नये, कार्ब्युरेटरची गाडी मात्र थोडी रिच होताना दिसेल. परत येताना खंडाळ्याहून खोपोलीकडे गिअरमध्येच उतरा आणि अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढा. इंजेक्टर बंद होतात, पाइपातून नुसती हवा जाते, आणि गेजने क्षणार्धात लीनच्या टोकाला जायला हवं. ते रेंगाळत गेलं तर सेन्सर म्हातारा झाला आहे किंवा खूप मागे बसवला आहे. पोचलंच नाही, तर ट्यूनिंगची तारीख पुढे ढकला आणि आधी सेन्सर बदला.