ऑरा : झुळूक मेंदूतली, वलय कल्पनेतले

ओव्हिड या रोमन कवीच्या ‘मेटामॉर्फोसेस’ या काव्यात सेफॅलस नावाच्या शिकाऱ्याची कथा आहे. रानात वणवण करून दमला की तो सावलीत अंग टाकायचा आणि वाऱ्याच्या झुळकेला लाडाने हाक मारून ये म्हणायचा. झुळकेला लॅटिनमध्ये ‘ऑरा’ म्हणतात. हा शब्द लॅटिनने ग्रीककडून घेतला. कुणीतरी ती हाक ऐकली, ऑरा ही त्याची कोणी प्रेयसी असणार असे ठरवून टाकले आणि गोष्ट त्याच्या बायकोच्या, प्रॉक्रिसच्या कानावर घातली. शहानिशा करायला ती झुडपात लपून बसली. पाने सळसळली, जनावर असेल या समजुतीने सेफॅलसने भाला फेकला आणि तो तिलाच लागला. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी लिहिलेल्या या कथेत सारा अनर्थ घडतो तो एका शब्दामुळे. अंगाला जाणवणाऱ्या थंडाव्याला ते नाव होते. ऐकणाऱ्याने त्या नावामागे एक बाई उभी केली.

आज तोच शब्द मराठीतही रुळला आहे. नेत्याचा ऑरा, कलावंताचा ऑरा असे आपण सहज बोलतो, आणि माणसाभोवती रंगीत तेजोवलय असते, ते वाचता येते, ‘शुद्ध’ करता येते असे सांगणारा एक व्यवसायही उभा राहिला आहे. वैद्यकात मात्र हा शब्द अठराशेहून अधिक वर्षे वेगळ्याच अर्थाने नांदतो आहे. हे दोन अर्थ शेजारी ठेवून पुराव्यावर घासले तर एक गोष्ट स्पष्ट होते. ऑरा नावाची घटना खरी आहे, तिची गती मिलिमीटरमध्ये मोजता येते. पण ती घडते अनुभवणाऱ्याच्या मेंदूत. समोरच्या माणसाच्या अंगाभोवती ती शोधणे म्हणजे प्रॉक्रिसची चूक पुन्हा करणे.

वैद्यकीय अर्थाचा उगम दुसऱ्या शतकातला. ग्रीक वैद्य गॅलेन याने फेफऱ्याच्या, म्हणजे अपस्माराच्या दोन रुग्णांची हकिकत नोंदवली आहे. तेरा वर्षांच्या एका मुलाने सांगितले की झटका येण्याआधी पायाच्या नडगीपासून काहीतरी सुरू होते, मांडी, कूस, मान असे सरळ वर चढते आणि डोक्याशी पोहोचले की शुद्ध हरपते. हे वर चढणारे नेमके कसे असते, ते त्याला सांगता आले नाही. दुसऱ्या तरुणाला मात्र शब्द सापडला: थंड झुळकेसारखे. त्या उपमेवरून झटक्याच्या पूर्वसूचनेला ऑरा हे नाव पडले ते कायमचे. आपल्याकडे चरकसंहितेच्या निदानस्थानातही अपस्माराची पूर्वरूपे दिली आहेत आणि नसलेला आवाज ऐकू येणे हे त्यांतले एक आहे. म्हणजे झटक्याआधी रुग्णाला काहीतरी ‘जाणवते’ आणि ते बाहेरच्या कुणाला दिसत नाही, हे निरीक्षण दोन्ही परंपरांनी केले होते.

गॅलेनच्या त्या मुलाची झुळूक पायाकडून डोक्याकडेच का गेली, याचा उलगडा व्हायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले. झटका मेंदूच्या पृष्ठभागावर एखाद्या ठिकाणी सुरू होतो आणि शेजारच्या भागात पसरत जातो, हे ब्रिटिश चेतातज्ज्ञ ह्यूलिंग्ज जॅक्सन याने रुग्णांच्या बारीक निरीक्षणातून ताडले. शरीराच्या निरनिराळ्या भागांच्या संवेदना मेंदूत एका पट्टीवर ओळीने मांडलेल्या असतात. विद्युत खळबळ त्या पट्टीवरून सरकली की रुग्णाला वाटते, काहीतरी पायातून मांडीत आणि मांडीतून मानेकडे चालले आहे. प्रत्यक्षात पायात काहीच घडत नसते. विसाव्या शतकात मॉन्ट्रियलमध्ये वायल्डर पेनफील्ड या शल्यविशारदाने याचा थेट पुरावा दिला. रुग्ण जागा असताना, फक्त स्थानिक भूल देऊन, तो उघड्या मेंदूला सौम्य विजेच्या तारेने स्पर्श करीत असे. नेमक्या जागी तार टेकली की रुग्ण सांगे, हीच ती झटक्याआधीची जाणीव. ऑरा असा हुकमी निर्माण करता आला, तेव्हा त्याचा पत्ताही कळला. आता वैद्यक एक पाऊल पुढे जाऊन म्हणते की ऑरा ही झटक्याची नुसती वर्दी नाही, तोच एक छोटा, एका जागी अडलेला झटका आहे.

याहून सुंदर पुरावा अर्धशिशीने दिला. मायग्रेनच्या साधारण एकतृतीयांशापर्यंत रुग्णांना डोके दुखण्याआधी दृष्टीत खेळ दिसतात: आधी नजरेच्या मध्याजवळ एक लुकलुकता ठिपका, मग नागमोडी चमकत्या रेषांची कमान, जी वीस-तीस मिनिटांत पसरत पसरत दृष्टीच्या कडेला जाते आणि मागे काही काळ आंधळा पट्टा सोडते. ह्यूबर्ट एअरी या डॉक्टरने 1870 मध्ये स्वतःच्या अशा अनुभवाची टप्प्याटप्प्याची चित्रे प्रसिद्ध केली. त्या रेषा जुन्या किल्ल्याच्या कोनाकोनांच्या तटबंदीसारख्या दिसतात. 1941 मध्ये कार्ल लॅश्ली या मानसशास्त्रज्ञाने आपल्याच ऑराचे नकाशे वेळ लावून काढले आणि हिशेब मांडला की दृष्टीच्या मेंदूभागात काहीतरी मिनिटाला सुमारे 3 मिलिमीटर वेगाने सरकत असले पाहिजे. तीनच वर्षांनी, 1944 मध्ये, आरिस्तिदेस लेआओ या ब्राझीलच्या शास्त्रज्ञाला सशाच्या मेंदूवर एक लाट आढळली. तिच्या मागोमाग चेतापेशी काही काळ गप्प पडत होत्या आणि तिचा वेगही मिनिटाला काही मिलिमीटरच होता. दोघांच्या कामाचा एकमेकांशी संबंध नव्हता. आकड्यांचा मेळ पीटर मिलनरने 1958 मध्ये दाखवला. शेवटी 2001 मध्ये नुशीन हाजीखानी आणि सहकाऱ्यांनी ऑरा सुरू असतानाच रुग्णाच्या मेंदूचे एमआरआय चित्रण केले, आणि दृष्टिपटलाच्या मेंदूतल्या नकाशावरून सावकाश सरकणारी लाट पडद्यावर उमटली. कमान मध्याशी रेंगाळते आणि कडेला वेगाने पळते, याचेही कारण या नकाशात आहे. नजरेच्या मध्याला मेंदूने मोठी जागा दिली आहे, कडेला थोडी. लाट एकाच चालीने जाते, पण नकाशाचे प्रमाण बदलते.

मग झुळकेचे वलय कधी झाले? ते बऱ्याच अलीकडे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात थिऑसॉफी या गूढवादी चळवळीच्या मंडळींनी माणसाच्या सूक्ष्म देहांचे वर्णन करताना हा शब्द उचलला. सी. डब्ल्यू. लेडबीटर यांनी 1902 मध्ये ‘मॅन व्हिजिबल अँड इन्व्हिजिबल’ या पुस्तकात रंगीत चित्रे देऊन राग, लोभ, भक्ती यांना एकेक रंग वाटून दिला. आजच्या ऑरावाचनाचे रंगकोष्टक याच घराण्यातले. 1911 मध्ये लंडनच्या वॉल्टर किल्नर या डॉक्टरने निळसर रंगद्रव्याच्या काचांतून पाहिल्यास मानवी वलय दिसते असा दावा केला. पण मंद प्रकाशात, फिक्या भिंतीसमोर उभ्या माणसाकडे टक लावून पाहिले की कडेला उजळ किनार कुणालाही दिसते. दृष्टिपटलाच्या पेशी थकतात, डोळे किंचित हलतात आणि उलट रंगाची छटा कडेवर उमटते. पांढऱ्या भिंतीसमोर लाल कापड धरून अर्धा मिनिट एकटक पाहा. काढून घेतल्यावर भिंतीवर निळसर हिरवा तुकडा दिसेल. त्या कापडाला काही आध्यात्मिक उंची आहे, असे कुणी म्हणणार नाही.

यावर पहिला आक्षेप विज्ञानाच्याच भाषेत येतो: शरीर प्रकाश देतेच ना? देते. स्वस्थ बसलेला माणूस साधारण 100 वॉटच्या दिव्याइतकी उष्णता बाहेर टाकतो आणि तिचा मोठा भाग अवरक्त किरणांच्या रूपात जातो. 2009 मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी अतिसंवेदनशील कॅमेऱ्याने हेही दाखवले की शरीरातल्या रासायनिक क्रियांमुळे त्वचेतून दृश्य प्रकाशही झिरपतो. मात्र तो डोळ्याला दिसू शकणाऱ्या प्रकाशाच्या हजारपटीने क्षीण असतो. म्हणजे तो पाहिल्याचा दावा कुणालाच करता येत नाही. शिवाय असा प्रकाश झाडाची पानेही देतात आणि उष्णता तर चहाचा कपही देतो. शरीरातून काही निघते हे खरे. त्यातून स्वभाव, कर्म किंवा भविष्य वाचता येते हा वेगळा दावा आहे, आणि पहिल्याचा पुरावा दुसऱ्याच्या खात्यावर जमा करता येत नाही.

दुसरा आक्षेप फोटोंचा. 1939 पासून सोव्हिएत संघातल्या क्रास्नोदार शहरात सेम्योन किर्लियन या वीजतंत्र्याने बोटांची आणि पानांची झगमगती चित्रे घेतली. पद्धत अशी: वस्तू फोटोच्या फिल्मवर टेकवायची आणि खालच्या पट्टीतून उच्च दाबाची वीज सोडायची. कडेची हवा विद्युतभारित होऊन चमकते आणि ती चमक फिल्मवर उतरते. नाण्याचेही असेच ‘वलय’ येते. 1976 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासाने दाखवले की बोटाच्या चित्रातले बदल मुख्यतः त्वचेच्या ओलाव्यावर अवलंबून असतात. घाम वाढला की वलय बदलते; घाबरलेल्या आणि शांत माणसाची चित्रे वेगळी का येतात, याला एवढे कारण पुरते. गंमत म्हणजे हे तेज माणसाचे नसून भोवतालच्या हवेचे असते. नकळत का होईना, किर्लियनने ऑराचा, म्हणजे वाऱ्याचाच फोटो काढला.

तिसरा आक्षेप अधिक भावनिक आहे. बुद्धाच्या मूर्तीमागे, ख्रिस्ताच्या डोक्यामागे, आपल्या देवघरातल्या तसबिरीत प्रभामंडळ आहे; इतक्या परंपरांनी ते पाहिल्याशिवाय रंगवले असेल का? पण प्रभामंडळ ही चित्रकारांची खूण आहे आणि ती सत्तेलाही तितकीच चिकटते. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला बिचित्र या चित्रकाराने जहांगीर बादशहा एका सूफी संताला ग्रंथ देतो आहे असे चित्र काढले. त्यात सूर्यचंद्राचे भलेमोठे वलय आहे ते बादशहाच्या मस्तकामागे. संताच्या मागे काहीच नाही. चित्रकाराने डोळ्यांना दिसलेले तेज नोंदवले असते, तर निदान वाटणी तरी अशी झाली नसती.

राहिला प्रामाणिक अनुभवाचा प्रश्न. ‘मला खरोखर जाणवते’ असे सांगणारे सगळे खोटे बोलत नसतात. काहींना चेहरा पाहताच रंगाची जाणीव होते. ज्ञानेंद्रियांची अशी सरमिसळ मेंदूविज्ञानाला परिचित आहे. पण जाणीव खरी असली म्हणून तिचा स्रोत बाहेर आहे हे सिद्ध होत नाही, आणि ते तपासायला महागडे यंत्र लागत नाही. अमेरिकेतल्या एमिली रोझा या मुलीने नऊ वर्षांची असताना शाळेच्या प्रकल्पासाठी एक साधा पुठ्ठा उभा केला. हाताने मानवी ऊर्जाक्षेत्र जाणवते असे म्हणणाऱ्या 21 उपचारकांनी भोकांतून दोन्ही हात पलीकडे घालायचे. एमिली नाणे उडवून ठरवणार आणि त्यांच्या एका हातावर आपला तळवा न टेकवता धरणार. कोणत्या हातावर ते त्यांनी ओळखायचे. 280 वेळा विचारले, बरोबर उत्तरे आली 44 टक्के. डोळे झाकून अंदाज केला तरी निम्मी बरोबर यावीत. 1998 मध्ये हा निष्कर्ष अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आला. वलय पाहणाऱ्यांसाठीही अशीच परीक्षा सोपी आहे: माणसाला त्याच्याच रुंदीच्या आडोशामागे उभे करावे आणि कडेने बाहेर डोकावणाऱ्या वलयावरून तो तिथे आहे की नाही, एवढेच सांगावे.

याचा अर्थ शब्दच टाकून द्यावा असा नाही. गायकाच्या मैफलीला ऑरा होता असे म्हणताना आपण रूपक वापरतो आणि ते आपल्याला ठाऊक असते. मराठीतही ‘अंगात वारं येणं’ हा प्रयोग आहे. आत घडणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या घटनेसाठी गॅलेनच्या रुग्णाला सुचली तीच उपमा इथल्या भाषेलाही सुचली. नासाने 15 जुलै 2004 रोजी सोडलेल्या उपग्रहाचे नावही ऑरा आहे. सुमारे 705 किलोमीटर उंचीवरून ओझोन आणि हवेतले प्रदूषक मोजायला तो पाठवला गेला, म्हणजे त्याने शब्दाचा मूळ अर्थच पाळला. घोटाळा होतो तो रूपकाची वस्तू झाली आणि तिच्यावर उपचार सुरू झाले की.

आणि तो घोटाळा महाग पडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे 5 कोटी लोकांना अपस्मार आहे, आणि योग्य निदान व औषधे मिळाली तर त्यांतले 70 टक्क्यांपर्यंत लोक झटक्यांविना जगू शकतात. ऑरासह होणारी अर्धशिशी असलेल्यांना पक्षाघाताचा धोका इतरांच्या साधारण दुप्पट असतो. अशा स्त्रियांनी इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या घेऊ नयेत, असा वैद्यकीय सल्ला आहे. तेव्हा डोळ्यांपुढे नागमोडी उजेड तरळला, नसलेला वास आला, पोटातून किंवा पायातून काहीतरी वर चढल्यासारखे वाटले, आणि हे पहिल्यांदाच किंवा वारंवार होत असेल, तर वेळ, क्रम आणि बाजू लिहून ठेवावी आणि तो कागद घेऊन मेंदूविकारतज्ज्ञाकडे जावे. गॅलेनच्या त्या दोन मुलांनीही एवढेच केले होते: जे जाणवले ते वैद्याला नेमके सांगितले.