रानवाटेची तयारी – लेखांक ७ : चार इंचांचं पातं

मागच्या लेखांकात आपण हेडटॉर्च पाहिला. आज सुरीबद्दल. खटक्याची किंवा दुमडून खिशात जाणारी नव्हे, तर पातं मुठीत कायमचं बसवलेली आणि म्यानात राहणारी छोटी सुरी. सह्याद्रीत भटकणाऱ्या बहुतेकांच्या पाठपिशवीत ती नसते. ज्यांच्याकडे असते त्यांच्यापैकी अनेकांनी ती चित्रपट डोळ्यांसमोर ठेवून घेतलेली असते. १९८२ साली ‘फर्स्ट ब्लड’ आला. त्यातल्या रॅम्बोची पोकळ मुठीची, पाठीवर करवतीसारखे दाते असलेली लांब सुरी जिमी लाइल या अमेरिकी कारागिराने घडवली होती. त्यानंतर ‘सर्व्हायव्हल नाइफ’ या नावाखाली तिच्या स्वस्त नकला जगभर विकल्या गेल्या. अशा नकलेत पातं मुठीच्या तोंडाशीच संपतं आणि खरा जोर पडला की तिथूनच निखळतं. मुठीतल्या पोकळीत काड्या, गळ, दोरा असं काहीबाही भरलेलं असतं, आणि त्या बदल्यात सुरीची मजबुती गेलेली असते. अशी सुरी घेऊ नका, एवढं आधीच सांगतो.

जिवावर बेतणाऱ्या मुलखात रोज वावरणाऱ्या माणसाने खरोखर काय बाळगलं होतं, याचा एक पक्का पुरावा आपल्याकडे आहे. १९९१ च्या सप्टेंबरात ऑस्ट्रिया आणि इटलीच्या सीमेवर, आल्प्समध्ये ३,२०० मीटर उंचीवर, बर्फातून एका माणसाचा देह वर आला. तो सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचा निघाला. पुढे त्याला ‘ओत्झी’ हे नाव पडलं. त्याच्या सामानात तांब्याची कुऱ्हाड आणि धनुष्य होतं, आणि त्यांच्याबरोबर एक सुरीही होती. गारगोटीच्या जातीच्या दगडाचं पातं, अ‍ॅश लाकडाची मूठ, झाडाच्या सालीच्या धाग्यांनी विणलेलं म्यान. मुठीसकट तिची लांबी जेमतेम १३ सेंटीमीटर. दगडी पात्यांना पुन्हा धार काढण्यासाठी शिंगाचं टोक बसवलेलं एक पेन्सिलीएवढं अवजारही त्याच्याजवळ होतं. छोटं पातं, म्यान आणि धार काढायचं साधन : हा संच पाच हजार वर्षांपूर्वीच पूर्ण झाला होता.

नेपाळी खुकरीतही हेच दिसतं. तिच्या म्यानात मागच्या बाजूला दोन लहान खण असतात. एकात कर्दा ही बोटभर पात्याची सुरी, दुसऱ्यात चकमक हे बोथट पोलाद, ज्यावर धार सरळ करायची आणि गारगोटीवर घासून ठिणगी पाडायची. म्हणजे ज्यांच्या कमरेला एवढं मोठं हत्यार असे, त्यांनाही बारीक कामासाठी छोटी सुरी वेगळी लागत होती. आपल्या कोकणात वाडीत कामाला निघालेला माणूस कमरेमागे लाकडी आकडीत कोयता अडकवूनच घराबाहेर पडतो. फांद्या तोडायला, नारळ सोलायला, काटेरी वाट मोकळी करायला कोयत्यासारखं दुसरं काही नाही. पण पायात रुतलेला काटा काढायचा झाला, दोरी नेमक्या जागी कापायची झाली, तर कोयत्याचं काही चालत नाही.

मग पातं केवढं असावं? कॅनडातले जंगलविद्येचे शिक्षक मोर्स कोचान्स्की यांनी दिलेलं माप मला आजवर पाहिलेल्या सगळ्या सल्ल्यांत शहाणपणाचं वाटतं : आपल्या तळहाताच्या रुंदीएवढं. बहुतेकांसाठी ते साडेतीन ते चार इंच येतं. एवढ्या पात्याचं टोक बोटांच्या ताब्यात राहतं. फळ कापणं, लाकडाच्या साली काढणं, पट्टा कापणं ही सगळी कामं त्यात बसतात. सहा-सात इंचांचं पातं जड होतं, आणि जड झालेली वस्तू दुसऱ्या ट्रेकला घरी राहते. पात्याची जाडी अडीच-तीन मिलिमीटर पुरे. पाच-सहा मिलिमीटर जाडीची पाती दुकानात भक्कम दिसतात, पण त्यांनी टोमॅटो कापायला गेलं तर तो चेंगरतो. जाड पात्याचा उपयोग ओंडके फोडायला, आणि सह्याद्रीत ओंडके फोडण्याची वेळ आपल्यावर येऊ नये. लाकूड लागलंच तर खालच्या गावात कोयता आहे, आणि वाळलेल्या डोंगरउतारावर विस्तव पेटवायच्या आधी वणव्याचा विचार करायलाच हवा.

तरीही पावसात भिजलेल्या आणि थंडीने काकडणाऱ्या माणसासाठी आगीची गरज पडू शकते. म्हणून एक गोष्ट विकत घेतानाच बघा : पात्याची पाठ काटकोनी, कोरी असावी, गोलसर घासलेली नसावी. अशा पाठीने फेरो रॉडवर, म्हणजे ठिणग्या पाडणाऱ्या धातूच्या कांडीवर, जोरात ओरखडा काढला की भरपूर ठिणग्या पडतात. हा रॉड भिजला तरी पुसून लगेच चालतो. काडेपेटी चालत नाही. आणि भिजलेल्या फांदीच्या आतला कोरडा गाभा उघडून त्याचे पातळ कुरळे छिलके काढायचे, तर धारदार छोटी सुरीच हवी.

पोलादाबद्दल बोलायचं तर मासिकं आणि व्हिडिओ यांत त्यावर जितका खल होतो तितका आपल्याला गरजेचा नाही. साध्या कार्बन पोलादाला धार चटकन लागते, पण ते गंजतं. आंबोली किंवा महाबळेश्वरच्या पावसाळ्यात ते संध्याकाळपर्यंत लाल पडतं. आपल्याकडे स्टेनलेसच बरं. स्वीडनच्या मोरा गावातली एक कंपनी १८९१ पासून सुऱ्या बनवते. तिथल्या ‘कंपॅनियन’ या साध्या सुरीचं स्टेनलेस पातं सुमारे चार इंच लांब आणि अडीच मिलिमीटर जाड असतं. त्यातल्या पोलादात कार्बन सुमारे ०.६ टक्के आणि क्रोमियम साडेतेरा टक्के. एवढं क्रोमियम पावसाला पुरून उरतं, आणि ते पोलाद इतकंही कठीण नाही की घरच्या दगडावर धार लागू नये. तिच्या पात्याला दोन्ही बाजूंनी एकेकच रुंद उतार असतो. तो उतार दगडावर सपाट टेकवला की कोन आपोआप बरोबर बसतो, म्हणून नवशिक्यालाही धार लावता येते. कंपॅनियनचं पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत जात नाही, ही तिची उणीव सांगितली जाते. दगडात खुपसून उचकटायला ती नाहीच. कापायला मात्र ती वर्षानुवर्षं पुरते. मूठ रबरी किंवा खरखरीत असावी, ओल्या हातातून निसटू नये, आणि बोट पात्यावर घसरू नये म्हणून तिला पुढे लहानशी अडणी असावी.

सुरीइतकाच विचार म्यानाचा करा. मी तर म्हणेन, जास्त करा. चामड्याचं म्यान देखणं असतं, पण आपल्या जून-सप्टेंबरात ते पाणी धरून ठेवतं, त्याला बुरशी येते, आणि आत स्टेनलेस पात्यावरही डाग पडतात. शिवाय कातळटप्प्यावरून घसरलात तर टोक मऊ चामड्यातून आरपार जाऊ शकतं. कडक प्लॅस्टिकचं, तळाशी पाणी निथळायला भोक असलेलं म्यान घ्या. ते उलटं धरून जोरात हलवा. सुरी जागची हलली तर ते म्यान नको. एका हाताने सुरी काढता आणि परत घालता आली पाहिजे, कारण दुसरा हात दोरीवर, खडकावर किंवा जखमी सोबत्यावर असेल. मांडीच्या पुढच्या बाजूला सुरी कधी लटकवू नका. जांघेतून मोठी रोहिणी जाते. बसून काही कापतानाही दोन मांड्यांच्या मध्ये कापू नका, गुडघ्याच्या बाहेर कापा. पाठपिशवीचा कंबरपट्टा असल्यावर कमरेला जागा उरत नाही, तेव्हा म्यान पिशवीच्या खांद्याच्या पट्ट्याला घट्ट बांधावं. गळ्यात अडकवायची असेल तर गोफ असा असावा की झाडीत अडकल्यावर तो तुटेल, मान आवळली जाणार नाही. आणि ताणलेल्या दोरावर माणूस असताना जवळ उघडं पातं आणू नका. ताणातला दोर धारेच्या नुसत्या स्पर्शाने तुटतो.

धार हा विषय अमेरिकेतल्या एका घटनेशिवाय पूर्ण होत नाही. २००३ च्या एप्रिलमध्ये यूटा राज्यातल्या ब्लूजॉन घळीत अ‍ॅरन राल्स्टन या गिर्यारोहकाचा उजवा हात निसटलेल्या शिळेखाली अडकला. त्याच्याजवळ एक स्वस्त मल्टिटूल होतं. शिळा फोडण्याच्या प्रयत्नात त्याचं पातं बोथट झालं. पाच दिवसांनी, पाणी संपल्यावर, त्याने हाताची हाडं मोडून त्याच मल्टिटूलने हात कापला आणि तो वाचला. त्याने कुठे चाललोय हे कुणालाही सांगितलेलं नव्हतं. निघण्याआधी घरी वाट आणि परतीची वेळ कळवणं सुरीच्या आधी येतं, म्हणूनच या लेखमालेत ते पहिल्या लेखांकात आलं. पण ज्याच्याकडे पातं आहे, त्याने ते पाजवलेलं ठेवलंच पाहिजे, आणि दगडावर, मातीवर चालवू नये.

सुरीने काय करायचं नाही, तेही स्पष्ट असू दे. साप चावल्यावर त्या जागी चीर देऊ नका. विष बाहेर येत नाही. रक्तस्राव वाढतो, विशेषतः घोणस आणि फुरशाच्या दंशात, कारण त्यांचं विष रक्त गोठणंच बिघडवतं. चावलेला अवयव फळी लावून स्थिर बांधा, माणसाला चालवू नका, १०८ ला फोन करा आणि प्रतिसर्पविष असलेलं रुग्णालय गाठा. जखमीचे कपडे कापायलाही सुरीपेक्षा बोथट टोकाची कात्री बरी. ती प्रथमोपचार पेटीत हवीच.

आता कायदा. शस्त्र नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्यांची धारदार हत्यारं येतात. घरगुती आणि शेतीकामाची अवजारं त्यातून वगळली आहेत. आपली चार इंची सुरी त्या मापात बसत नाही. पण तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खाली पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकारी मनाई आदेश काढतात आणि त्यात सुऱ्या, लाठ्या बाळगण्यालाही बंदी असते. असे आदेश शहरांत वारंवार लागू असतात. त्याहून कमी लोकांना माहीत असलेली गोष्ट म्हणजे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२. त्यातल्या ‘शस्त्र’ या व्याख्येत चाकू येतो, आणि अभयारण्यात लेखी परवानगीशिवाय शस्त्र नेता येत नाही. कळसूबाई-हरिश्चंद्रगड, भीमाशंकर, कोयना, राधानगरी ही सगळी अभयारण्यं आहेत. तिथे जाताना वनविभागाच्या चौकीवर विचारा आणि ते नाही म्हणाले तर सुरी गाडीतच ठेवा. विमानात ती हातातल्या सामानात चालत नाही. शहरात रोज कमरेला लावून फिरण्याची ही वस्तू नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. प्रवासात ती म्यानासकट पिशवीच्या तळाशी, स्वयंपाकाच्या भांड्यांबरोबर असू द्या आणि वाट सुरू झाली की वर काढा.

ज्यांना आज नव्या सुरीचा खर्च नको, त्यांनी घरातली चार इंची ताठ पात्याची भाजीची सुरी घ्यावी. पीव्हीसी पाइपचा तुकडा तापवून चपटा केला की तिला कामचलाऊ म्यान होतं. सुरी कोणतीही घ्या, तिच्यासोबत एक छोटा धारेचा दगड घ्या, आणि पहिला महिनाभर ती घरच्या ओट्यावरच वापरा. पिकलेला टोमॅटो तिने दाब न देता कापता येऊ लागला की मगच ती डोंगरावर न्या.